तारीख नको, दिवस सांग

आमच्या घरात वार नव्हते, पाळ्या होत्या. वडील इचलकरंजीत यंत्रमागावर. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. आई घरात बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. घर म्हणजे मागाच्या शेडला चिकटलेली एक खोली. भिंतीपलीकडं माग खडखडत असायचे, त्यामुळं आम्ही सगळेच ओरडून बोलणारे. लाईट गेली की गल्लीत एकदम शांतता पडायची आणि त्या शांततेनंच आई दचकायची.

सूत महागलं की माग बंद पडायचे. वडील शेडच्या मालकाला विचारायचे, "कधी सुरू?" तो म्हणायचा, "सोमवारी." सोमवारी वडील डबा घेऊन जायचे आणि भरलेला डबा तसाच घेऊन परत यायचे. आई तो आम्हा भावंडांत वाटून द्यायची. लहानपणी मला सोमवार फार आवडायचा. का आवडायचा ते मोठेपणी कळलं, तेव्हा तोंडातली भाकरी कडू लागली.

त्या खोलीतून मी इंजिनिअर झाले. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. काही लोक म्हणतात, हे सारखं काय सांगायचं? मी सांगणार. ज्यांच्या आजोबांनी पदवी घेतली त्यांना सांगावं लागत नाही, एवढाच फरक.

नोकरी लागली ती कोल्हापुरात, उचगावच्या पुढं, साखर कारखान्यांची दुरुस्तीची कामं घेणाऱ्या एका कंपनीत. ऊस गाळायचा हंगाम संपला की कारखाना थंड होतो. मग पुढचा हंगाम लागेपर्यंत त्याचे बॉयलर, मिल, पाइप सगळं उघडून दुरुस्त करायचं, हे आमचं काम. माझ्या नेमणूकपत्रावर 'प्लॅनिंग इंजिनिअर' असं लिहिलेलं. त्याचा अर्थ मला माहीत नव्हता. कॉलेजात कुणी सांगितला नव्हता आणि मीही विचारला नव्हता.

तो अर्थ सांगायला मगदूम मॅडम होत्या. पण त्यांनी सांगितल्यावर मला आधीपेक्षा कमी कळलं. आज इतक्या वर्षांनीही त्यांच्याबद्दल मला सगळं कळलंय असं म्हणवत नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला एका कॉम्प्युटरसमोर बसवलं. प्रोजेक्टच्या वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर उघडं होतं. डावीकडं कामांची यादी, उजवीकडं निळे पट्टे. "वीस कामं भर," म्हणाल्या आणि गेल्या. मी हुशार मुलगी. प्रत्येक कामासमोर सुरू होण्याची तारीख, संपण्याची तारीख, असं सगळं व्यवस्थित टाइप केलं. दोन कामांमध्ये ओव्हरलॅप नाही, कुठं चूक नाही. त्या परत आल्या, पडद्याकडं बघितलं आणि एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की मला क्षणभर मागाच्या शेडमध्ये असल्यासारखं वाटलं.

"हे काय करालाईस गं? तारखा कुणी सांगितल्या टाकायला?"

"मॅडम, वेळापत्रक म्हणजे तारखाच ना?"

"तारीख ब्राह्मणाला विचारायची. हितं दिवस सांगायचे. नट काढायला किती दिवस? सांग."

"दोन."

"मग दोन लिही. त्याच्या आधी काय संपाय पायजे ते सांग, बाण जोड. तारीख ते काढतंय की! तू कशाला काढतीस? पगार तुला हाय का त्याला?"

मग त्यांनी कामांच्या डाव्या बाजूला बोट ठेवलं. माझ्या प्रत्येक ओळीपुढं कॅलेंडरचं एक बारीक चित्र उमटलं होतं. मला ते शोभेचं वाटलं होतं. खरं म्हणजे आपण तारीख टाइप केली की सॉफ्टवेअर गपचूप त्या कामाला अट घालतं की याच्या आधी हे सुरू होणार नाही. मग आधीचं काम लवकर संपलं तरी हे काम आपल्या तारखेवर बसून राहतं. मॅडम त्या चित्राला गोचीड म्हणत. "गोचीड काढ आधी. म्हशीला एक असली तर चालती. ही सगळी म्हसच गोचडीची झालीया."

दुपारभर मी गोचीड काढल्या. काढताना अजून गोंधळले. सुरुवात बदलली की शेवट बदलायचा. शेवट बदलला की दिवस बदलायचे. दिवस बदलले की खालच्या सगळ्या ओळी सरकायच्या. मी काहीच न करता खिडकीबाहेर बघितलं आणि परत बघितलं तरी काहीतरी बदलल्यासारखं वाटायचं. मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, "तीन भावांचं भांडाण हाय ते. दोघांची बाजू तू घे, तिसरा आपोआप गप बसतो." हे मला तेव्हा कळलं नाही. आता मी हेच वाक्य नव्या मुलांना सांगते, त्यांनाही कळत नाही.

मगदूम मॅडम शिरोळकडच्या जैन शेतकरी घरातल्या. पन्नाशीच्या, उंच, काठापदराची साडी आणि खाली पांढरे नाडीचे बूट. माहेर सीमेजवळ, म्हणून बोलण्यात कन्नड यायचं. कुणी लांबण लावली की हात वर करून "साकु!" म्हणायच्या, म्हणजे पुरे. ऑफिसात त्या मॅडम, साइटवर अक्का. आमच्याकडच्या बायका बोलतात तशा त्या स्वतःबद्दल 'येतो, जातो'च म्हणायच्या. पुण्याहून आलेल्या एका ऑडिटरनं त्यावर हसून काहीतरी म्हटलं, तर त्याला म्हणाल्या, "पावणं, मी येतो म्हटलं तरी मीच येतो. दुसरं कोण येत न्हाय."

दिवस मावळायच्या आत जेवायचं हा त्यांचा नेम. मीटिंग कितीही मोठी असो, सूर्य खाली आला की त्या उठायच्या. आमचे मालक, ज्यांना सगळे आबासाहेब म्हणत, एकदा चिडून म्हणाले, "मॅडम, पाच मिनिटं थांबा की." मॅडम म्हणाल्या, "सूर्याला सांगा, मी थांबतो."

त्यांना तारीख विचारली तर त्या तिथी सांगायच्या. "आज काय आहे मॅडम?" "अष्टमी." अष्टमी-चतुर्दशीला त्या पालेभाजी खात नसत, त्यामुळं त्यांच्या लक्षात तेवढंच. दिवसभर कॉम्प्युटरवर वेळापत्रक करणाऱ्या बाईला आजची तारीख माहीत नाही, याचं मला नवल वाटायचं. त्यांच्या लग्नाबद्दल ऑफिसात तीन गोष्टी चालायच्या. एक, झालंच नाही. दोन, झालं आणि नवरा बेळगावला असतो. तीन, झालं होतं. मी कधी विचारलं नाही. कँटीनवाल्या काकूंनी विचारलं होतं म्हणे, तर मॅडमनी चहा परत केला.

खरी गंमत असायची ती लोकांकडून दिवस काढून घेताना. आमच्याकडं कुणालाही काम किती दिवसांत होईल विचारा, उत्तर एकच, "होतंय की." बॉयलरच्या वीटकामाचे ठेकेदार बापू तर 'होतंय की'चे बादशहा. मॅडम त्यांना समोर बसवून विचारायच्या.

"बापू, भट्टीचं आतलं अस्तर. किती दिवस?"

"होतंय की अक्का."

"होतंय हे कुठल्या रकान्यात टाकू?"

"धरा धा-बारा."

"तुम्ही सोता केलं तर?"

"मी सोता केलं तर आठात."

"आणि तुमच्या मेव्हण्यानं केलं तर?"

बापू टोपी काढून डोकं खाजवायला लागले. कामावर कायम मेव्हणाच असतो हे त्यांनाही माहीत, मॅडमनाही माहीत. शेवटी खाली बघून म्हणाले, "मग सोळा धरा."

मॅडमनी सोळा लिहिले. हे सगळीकडं चाललं. वेल्डरला विचारलं, पेंटरला विचारलं, सगळ्यांचे मेव्हणे निघाले. आमच्या वेळापत्रकात मेव्हण्यांचेच दिवस असायचे. आणि गंमत म्हणजे, ते बरोबर यायचे.

कॅलेंडरचं मात्र मला कधीच नीट उलगडलं नाही. सॉफ्टवेअर घेतलं तेव्हा त्यात शनिवार-रविवार सुट्टी होती. आमच्याकडं रविवारी काम आणि सोमवारी सुट्टी. ते मॅडमनी आधीच बदललेलं. शिवाय प्रत्येक अमावस्या त्यांनी सुट्टी म्हणून टाकलेली, कारण आमच्या भागातले गवंडी अमावस्येला नवं काम धरत नाहीत. एका कारखान्याच्या सल्लागार कंपनीचा पुण्याचा माणूस फोनवर म्हणाला, "मॅडम, दर महिन्याला वेगळ्याच वारी सुट्टी कशी काय?" मॅडम म्हणाल्या, "का ओ पावणं, तुमच्याकडं अमावस्या रविवारीच येती काय?"

मी हे बघितलं आणि शहाणपणानं अस्तर वाळायचे दिवसही तसेच टाकले. आठवडाभर वाळवण. सॉफ्टवेअरनं सोमवार वगळला, मध्ये आलेली अमावस्या वगळली आणि काम पुढं नेलं. मॅडमनी बघितलं. या वेळी ओरडल्या नाहीत. हळू आवाजात विचारलं, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट.

"पोवार, सोमवारी विटा सुट्टीवर जात्यात व्हय गं?"

"सॉफ्टवेअरनं केलं मॅडम."

"सॉफ्टवेअरला कुणी सांगितलं?"

"पण अमावस्या तुम्हीच टाकलीये."

"अमावस्या माणसं पाळत्यात. वीट पाळती व्हय? माणसाच्या कामाला सुट्टी लागती, वाळायला लागत न्हाय. दिवसांच्या आकड्याफुडं ते दुसरं अक्षर टाक, म्हंजे सुट्टी न मोजता सलग धरतंय."

मी ते अक्षर टाकलं. पट्टा आखडला. माझ्या डोक्यात मात्र तेव्हापासून दोन कॅलेंडर भांडतायत. तिथी मानणारी बाई, तिथी न मानणारी बाई, दोघी एकच.

आणि मग त्या वर्षीचं अग्निप्रदीपन आलं.

साखर कारखान्याचा हंगाम सुरू व्हायच्या आधी बॉयलरमध्ये पहिल्यांदा अग्नी पेटवतात. चेअरमन आणि त्यांच्या पत्नी पूजेला बसतात, नारळ फुटतो, मंत्र म्हणतात, गावजेवण होतं. हंगामभर मग त्या भट्टीत बगॅस, म्हणजे रस काढून उरलेला उसाचा चोथा जळतो. त्या वर्षी आमच्याकडं जे काम होतं त्यात भट्टीचं आतलं सगळं अस्तर नवं घालायचं होतं. बापूंच्या मेव्हण्याचे सोळा दिवस, मग हवेवर वाळवण, मग लाकडाच्या बारीक जाळावर हळूहळू तापवायचं, मग अग्निप्रदीपन, मग वाफ. असा आमचा क्रम. मॅडमनी बाण जोडले, दिवस टाकले, आणि सॉफ्टवेअरनं अग्निप्रदीपनाची जी तारीख काढली, ती नवरात्र संपून बरीच पुढं गेली.

चेअरमननी मुहूर्त आधीच काढला होता. नवरात्रातला.

कारखान्याचे चीफ इंजिनिअर देसाई साहेब आमच्या ऑफिसात आले. पडद्यावर मुहूर्त चुकल्याची लाल ओळ होती. त्यांनी खुर्ची ओढली.

"मॅडम, पत्रिका छापायला गेल्यात. तुमचा पट्टा मुहूर्ताच्या पुढं कसा काय?"

"पट्टा माझा न्हाय साहेब. विटांचा हाय."

आबासाहेब म्हणाले, "मग विटांना सांगा की." सगळे हसले.

देसाई साहेब म्हणाले, "दर वर्षी पूजा झाली की त्याच दिवशी बगॅस टाकून भडका, आठवड्यात वाफ. या वर्षीच काय झालं?"

"दर वर्षी अस्तर जुनं असतंय साहेब. औंदा नवं हाय, वलं हाय. वल्या अस्तरावर भडका दिला की आतल्या पाण्याची वाफ हुती आणि वीट फोडून भाईर येती. मग अस्तर गेलं. आणि अस्तर गेलं की हंगामाचे पहिले आठवडे गेले. ऊसतोड टोळ्या येऊन बसतील, ट्रॉल्या गेटावर उभ्या राहतील, आणि भट्टी गार."

देसाई साहेब उठले. "मला काय सांगू नका. तारीख जुळवा."

ते गेल्यावर आबासाहेबांनी दार लावलं. आवाज वाढवला नाही. "मॅडम, पुढच्या साली ह्या कारखान्याचं काम पायजे का नको? उद्यापर्यंत जुळवा. न्हायतर जुळवणारा माणूस मी आणतो."

मला वाटलं, आता त्या "साकु" म्हणतील. त्या "बरं" म्हणाल्या. एवढंच. मला धक्का बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"पोवार, अग्निप्रदीपनाला आपण किती दिवस टाकलेत?"

"शून्य." ते बरोबरच होतं. उद्घाटन, सही, पूजा, असल्या गोष्टींना शून्य दिवस टाकायचे असतात. पट्ट्याऐवजी काळा चौकोनी ठिपका येतो.

"शून्य कसं? पेटवल्यावर इझतंय व्हय?"

"नाही, पण पेटवायला क्षणच लागतो ना."

"आणि मग?"

"मग जळतंय."

"किती दिवस?"

मला प्रश्नच कळला नाही. मॅडमनी माऊस माझ्या हातातून घेतला. अग्निप्रदीपनाच्या ओळीवर गेल्या आणि मुहूर्ताची तारीख टाइप केली. माझ्या डोळ्यांसमोर त्या ओळीपुढं गोचीड उमटली. ज्या बाईनं मला पहिल्या दिवशी दुपारभर गोचीड काढायला लावल्या, तिनंच एक घातली. वाळवणाच्या जाळापासून पूजेकडं येणारा बाण त्यांनी तोडला. मग पूजेपासून जाळाकडं एक नवा बाण काढला. उलटा. आता आधी पूजा, मग वाळवणाचा बारीक जाळ. लाल रंग गेला.

"मॅडम, हे चालतं का?"

"बघू."

"म्हणजे त्यांचंच ऐकलं आपण?"

"काय ऐकलं? आता तारीख हाय न्हवं तितं?" असं म्हणून त्या गेल्या, आणि मी दिवसभर तो उलटा बाण बघत बसले. हे वाकणं होतं का हुशारी होती, मला ठरवता आलं नाही.

देसाई साहेबांनी वेळापत्रक बघितलं. पूजेची ओळ मुहूर्तावर, लाल काही नाही. खूष झाले. सही केली. खालच्या ओळी त्यांनी बघितल्या नाहीत. खालच्या ओळींमध्ये वाफेची तारीख जवळपास होती तिथंच होती. मॅडमनी ती त्यांना दाखवली नाही, लपवलीही नाही. पडद्यावर होती.

बापूंच्या मेव्हण्यानं अस्तर वेळेत लावलं. हवेवर वाळवण झालं. मुहूर्त उजाडला.

दुपारची पूजा, पण पाहुणे उशिरा आले. भट्टीच्या दाराशी मांडव, झेंडूची तोरणं, सतरंजी. चेअरमनसाहेबांच्या पत्नी आधीच येऊन बसल्या होत्या. मॅडम त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या आणि दोघी चूल, भाकरी, माती, असलं काहीतरी बोलत होत्या. मला वाटलं, वेळ काढतायत.

पूजा झाली. लोखंडी घमेल्यात लाकडाच्या ढलप्या, तूप, कापूर. चेअरमनसाहेबांनी पेटवलं आणि ते घमेलं भट्टीच्या दारातून आत सरकवलं. आत आधीच थोडी लाकडं रचलेली. बारीक जाळ धरला. टाळ्या वाजल्या. फोटोवाला पुढं आला. चेअरमनसाहेबांचा पुतण्या म्हणाला, "काय हे, शेगडी पेटवल्यागत? फोटोत काय येणार? बगॅस सोडा की, भडका होऊ दे!"

नेमक्या त्या क्षणी मगदूम मॅडमनी पश्चिमेकडं बघितलं. सूर्य चिमणीच्या मागं गेला होता. त्या माझ्याजवळ आल्या. "हितं थांब. मी जेवून येतो." आणि गेल्या. खरोखर गेल्या. डबा घेऊन शेडच्या पलीकडं.

मी भट्टीच्या दारात उभी. समोर पुतण्या, चेअरमन, देसाई साहेब, आबासाहेब, फोटोवाला. पुतण्यानं भट्टीत बगॅस नेणाऱ्या पट्ट्याचं बटण दाबायला माणूस पाठवला. माणूस परत आला. पॅनलला कुलूप. मग जास्तीचं लाकूड आणा, पुतण्या म्हणाला. लाकडाच्या खोलीलाही कुलूप.

"किल्ली कुठाय?" पुतण्यानं मला विचारलं.

"जेवायला गेली," मी म्हणाले. मला दुसरं काही सुचलं नाही.

लोक हसले. देसाई साहेब हसले नाहीत. त्यांचा चेहरा बदलला. ते म्हणाले, "हे काय चाललंय? आज भट्टी पूर्ण चालू व्हायला पाहिजे." आबासाहेब माझ्याकडं असं बघत होते की मला वाटलं, आमच्या दोघींची नोकरी आत्ताच्या आत्ता गेली. ओरडून बोलणाऱ्या घरातली मी, आणि आवाज येईना.

तेवढ्यात चेअरमनसाहेबांच्या पत्नी सतरंजीवरूनच बोलल्या. "राहू द्या ओ. नवी चूल एकदम पेटवत्यात व्हय कुणी? तडकती की! पयल्यांदा बारीक जाळ घालायचा, चार दिस सारवून-सुकवून मग भाकरी. माझ्या सासूबाईंनी मला ह्याच्यावरनं बोलणी घातली होती."

चेअरमनसाहेब हसले. "हिच्या सासूबाई म्हंजे माझी आईच की. आता आईचं मोडायचं व्हय?" आणि त्यांनी पुतण्याला मागं घेतलं. फोटो बारीक जाळाचाच निघाला.

मॅडम हात पुसत परत आल्या तेव्हा मांडव अर्धा रिकामा झाला होता. देसाई साहेब त्यांच्यासमोर उभे राहिले.

"मॅडम, वाफ कधी मग?"

"प्लॅनमध्ये हाय की साहेब. तुम्हीच सही केलीया."

त्या बारीक जाळावर भट्टी हळूहळू तापली. मॅडम रोज यायच्या, जाळ किती ठेवायचा ते सांगायच्या, सोमवारी सुद्धा. वाफ आमच्या वेळापत्रकातल्या दिवशी धरली. हंगाम वेळेत लागला.

चेअरमनच्या पत्नीशी मॅडम त्या दुपारी चुलीबद्दल बोलल्या तो योगायोग होता का, हे मी त्यांना एकदा विचारलं. "कोण चूल म्हणालं?" म्हणाल्या. पुन्हा विचारलं, तर "साकु."

त्या हंगामाच्या शेवटी मॅडमनी राजीनामा दिला. का, ते कुणालाच नक्की माहीत नाही. आबासाहेब म्हणतात, मी काढलं नाही. कँटीनवाल्या काकू म्हणतात, माहेरी जमिनीचं काही होतं. ऑफिसात आता चौथी गोष्ट चालते, की नवरा बेळगावहून आला. मला तीही पटत नाही.

शेवटचं मी त्यांना बघितलं ते भट्टीपाशीच. गाळप संपलं होतं, भट्टी थंड झाली होती, आणि पाहणीसाठी दार उघडलं होतं. त्यांचा तो कामाचा शेवटचा दिवस. पदर कमरेला खोचून, बॅटरी घेऊन मॅडम त्या छोट्या दारातून आत गेल्या. मी बाहेर उभी. आतून ठकठक येत होती, एकेक वीट वाजवून बघत असाव्यात. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. तोंडावर, साडीवर राख.

"काय दिसलं मॅडम?"

"काय न्हाय."

"म्हणजे?"

"म्हंजे काय न्हाय." त्यांनी बॅटरी माझ्या हातात दिली, नळावर तोंड धुतलं आणि मोपेडकडं निघाल्या. फाटकात एका उसाच्या ट्रॉलीनं वाट अडवली होती. हंगाम संपला तरी ती अजून तिथंच, चाक काढून ठेवलेलं. ड्रायव्हरशी त्यांचं काहीतरी वाजलं, हात वर झाले, मग दोघेही हसले. ड्रायव्हरनं ट्रॉलीच्या तळातून उरलेला एक ऊस काढून त्यांना दिला. तो मोपेडवर पायांत आडवा धरून त्या गेल्या. दोन्ही बाजूंना ऊस बाहेर, रस्त्यावरची माणसं बाजूला होतायत. मागं वळून बघितलं नाही.

मी बॅटरी घेऊन आत गेले आणि स्वतः बघितलं. अस्तराला एकही तडा नव्हता. त्या हंगामात भट्टी एकदाही बंद पडली नाही, आणि पुढच्या वर्षीही तेच अस्तर चाललं.